फाटक नसलेली स्थानके : बर्लिनच्या शहर-वाहतुकीची ओळख

तृतीय वर्ष कला (जर्मन)

आपल्या जर्मनच्या पाठ्यपुस्तकात अगदी सुरुवातीच्या एका धड्यात एक परका प्रवासी रस्त्यातल्या गृहस्थाला 'स्टेशन कोठे आहे?' असे विचारतो, आणि तो गृहस्थ 'सरळ जा, मग डावीकडे वळा' असे सांगतो. हा संवाद आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेला आहे. प्रवासी स्टेशनपर्यंत पोहोचतो आणि धडा संपतो. पुढे तिकीट कोणते काढायचे, कोणत्या फलाटावर उभे राहायचे, गाडीचे दार कोणी उघडायचे, यांतले काहीच पुस्तक सांगत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात भाषेच्या एका अभ्यासक्रमासाठी मी चार आठवडे बर्लिनमध्ये राहिले. परत आल्यावर विभागातल्या मैत्रिणींनी आणि प्राध्यापकांनीही पहिला प्रश्न विचारला तो 'तिथे एकटी फिरलीस कशी?' हाच. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, आणि ते देताना त्या व्यवस्थेविषयी जे विचार मनात आले तेही मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चार वाहने, एक तिकीट

बर्लिनमध्ये शहरात फिरण्यासाठी मुख्यतः चार साधने आहेत. पहिले उ-बान, म्हणजे भुयारी रेल्वे. तिचे नऊ मार्ग आणि १७५ स्थानके आहेत. नाव भुयारी असले तरी ती काही भागांत चक्क रस्त्यावर उभारलेल्या लोखंडी पुलावरून धावते. दुसरे साधन एस-बान. ही आपल्या मुंबईच्या लोकलची सख्खी बहीण म्हणावी अशी उपनगरी गाडी असून ती बहुतांशी जमिनीवरून जाते. तिसरे ट्राम आणि चौथे बस. याखेरीज शहरात नद्या आणि तळी पुष्कळ असल्यामुळे काही ठिकाणी नावाही आहेत. वानझे ते क्लाडो या वीस मिनिटांच्या जलप्रवासाला शहराचे साधे तिकीट चालते, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली होती.

उ-बान, ट्राम आणि बस ही शहराच्या मालकीच्या संस्थेकडे आहेत, तर एस-बान जर्मन रेल्वेच्या एका उपकंपनीकडे. पण प्रवाशाला याचे काही देणेघेणे नसते. तिकीट सर्वांचे एकच. एका तिकिटावर बसने निघावे, उ-बानने मध्यापर्यंत जावे आणि पुढे ट्रामने मुक्कामी पोहोचावे. आपल्याकडे एस.टी.तून उतरून शहर बसमध्ये बसताना आणि तेथून लोकलमध्ये चढताना दर वेळी नव्याने पैसे काढावे लागतात. ती सवय असलेल्या माणसाला ही सोय चटकन लक्षात येते.

या व्यवस्थेला इतिहासही मोठा आहे. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८८१ साली बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे येथे विजेवर चालणारी ट्राम सुरू केली. ती जगातली अशा प्रकारची पहिली मानली जाते. उ-बानचा पहिला मार्ग १९०२ साली खुला झाला. सुरुवातीचे मार्ग अरुंद डब्यांसाठी बांधले गेल्यामुळे आजही उ-१ ते उ-४ या मार्गांवरचे डबे उ-५ ते उ-९ पेक्षा अरुंद असतात. तेथील उपनगरी गाड्या विजेवर धावू लागल्या त्या १९२४ मध्ये, आणि आपल्या मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी निघाली १९२५ च्या फेब्रुवारीत. दोन शहरांत अंतर अवघ्या काही महिन्यांचे! बर्लिनसमोर आपण फार मागे होतो असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

ए, बी आणि सी

तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट समजली पाहिजे, ती म्हणजे शहराचे विभाग. शहराभोवती एस-बानचा सुमारे ३७ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग आहे. त्याला रिंगबान म्हणतात. नकाशावर त्याचा आकार कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि बर्लिनकर त्याला त्याच नावाने ओळखतात. या वर्तुळाच्या आतला भाग तो 'ए' विभाग. वर्तुळापासून शहराच्या हद्दीपर्यंत 'बी'. हद्दीबाहेरची गावे, त्यांत राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेले पोट्सडाम आले, ती 'सी' विभागात. पाहुण्याला बहुतेक वेळा 'एबी' तिकीट पुरते. मात्र २०२० मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ 'सी' विभागात आहे. म्हणजे शहरात येताना आणि शहर सोडताना, या दोन प्रवासांना 'एबीसी' तिकीट लागते. नवागताने पहिल्याच दिवशी हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच टळते.

आता तिकिटांचे प्रकार. साधे एकेरी तिकीट दोन तास चालते. तेवढ्या वेळात कितीही गाड्या बदला, मध्ये उतरून कॉफी घ्या, हरकत नाही; पण दिशा एकच हवी. त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही. थोड्या अंतरासाठी 'कुर्त्सश्ट्रेके' नावाचे स्वस्त तिकीट असते. उ-बान किंवा एस-बानने तीन स्थानके, अथवा बस किंवा ट्रामने सहा थांबे, एवढी त्याची मर्यादा. रेल्वेत या तिकिटावर गाडी बदलता येते, बस-ट्राममध्ये नाही. याशिवाय चोवीस तासांचे तिकीट आहे. दिवसभर वस्तुसंग्रहालये पालथी घालणाऱ्याला ते सोयीचे.

महिनाभर राहणाऱ्यासाठी मात्र सर्वांत चांगला पर्याय म्हणजे 'डॉइचलांडटिकेट'. याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. २०२२ साली महागाई आणि इंधनाचे दर भडकले तेव्हा जर्मन सरकारने जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने देशभराच्या स्थानिक वाहतुकीसाठी अवघ्या ९ युरोंचे मासिक तिकीट काढले. लोकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे मे २०२३ पासून तीच कल्पना ४९ युरोंच्या कायमच्या मासिक पासाच्या रूपाने आली. २०२५ च्या आरंभी त्याची किंमत ५८ युरो झाली आणि २०२६ च्या आरंभी ६३. देशातल्या कोणत्याही शहराची बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि सर्व प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या वगळल्या आहेत. हा पास फोनवर मिळतो, त्यावर आपले नाव असते, आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो. एक मात्र विसरू नये. तो वर्गणीच्या स्वरूपाचा असल्यामुळे महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप वळते होतात.

हिशेब करून पाहू. मी होते तेव्हा एकेरी एबी तिकीट ३.८० युरोंना होते. युरोला साधारण शंभर रुपये धरले तर ३८० रुपये. जाऊन-येऊन रोजचे ७.६० युरो. म्हणजे आठ दिवसांत ६०.८० युरो खर्च झाले असते आणि ५८ युरोंचा पास आठव्या दिवशीच वसूल झाला. पुढचे सारे दिवस नफ्याचे. या नफ्यातून मी एका रविवारी प्रादेशिक गाड्या बदलत बदलत गटेच्या वायमारला जाऊन आले. वेळ पुष्कळ गेला, पैसा एकही लागला नाही.

फलाटावर आणि गाडीत

स्थानकात शिरल्यावर दिशा शोधण्याची रीत आपल्यासारखीच आहे. पाटीवर गाडीच्या शेवटच्या स्थानकाचे नाव असते. माझी खोली दक्षिणेकडच्या नॉयक्योल्न भागात, बोडिनश्ट्रासे स्थानकाजवळ होती आणि वर्ग रोझेनथालर प्लात्सजवळ. तेव्हा मला रोज सकाळी उ-८ मार्गावरची 'विटेनाउ'कडे जाणारी गाडी पकडावी लागे आणि दुपारी 'हेरमानश्ट्रासे'कडची. रिंगबानला शेवटचे स्थानकच नाही, म्हणून तिथे दोन क्रमांक आहेत. एस-४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि एस-४२ उलट. पूर्ण फेरीला सुमारे एक तास लागतो. हाताशी मोकळा वेळ असेल तर शहराची ओळख करून घ्यायला ही फेरी उत्तम.

पुष्कळ गाड्यांची दारे आपोआप उघडत नाहीत. बटण दाबावे लागते. गाडी सुटण्यापूर्वी 'त्सुऱ्युकब्लायबेन, बिट्टे' अशी सूचना होते, म्हणजे 'कृपया मागे राहा'. ही ऐकल्यावर धावत जाऊन दारात पाय घालू नये. दुसरी गाडी दिवसा चार-पाच मिनिटांत येतेच. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे आणि डावी बाजू घाईच्या माणसांसाठी मोकळी सोडायची. बसमध्ये पुढच्या दाराने चढून चालकाला तिकीट दाखवण्याचा प्रघात आहे. चालक रोख पैसे घेत नाही. सायकल नेता येते, पण तिचे वेगळे तिकीट असते. मोठ्या कुत्र्यालाही सवलतीचे तिकीट लागते, आणि तिथले कुत्रे ते घेतल्याप्रमाणेच शिस्तीत बसतात!

रात्रीच्या प्रवासाविषयी घरच्यांना, विशेषतः आईला, काळजी होती. शुक्रवारी आणि शनिवारी उ-बान व एस-बान रात्रभर चालतात. इतर रात्री साधारण एक ते साडेचारपर्यंत उ-बान बंद असते, तेव्हा त्याच मार्गाने रात्रीच्या बसगाड्या धावतात. उ-८ च्या जागी एन-८. नाटक पाहून रात्री अकरा-साडेअकराला परतताना माझ्या डब्यात कामावरून येणाऱ्या परिचारिका, विद्यार्थी, दारू प्यालेले दोन-चार जण आणि बाबागाडीतली मुलेसुद्धा असत. सगळीच स्थानके स्वच्छ आणि निवांत असतात असे मी म्हणणार नाही. कोटबुसर टोरसारख्या स्थानकात सावधपणे चालावे लागते. पण गाडी ठरलेल्या वेळी येणार आणि मला घरापासून पाच मिनिटांवर सोडणार ही खात्री असल्यामुळे, 'अंधार पडायच्या आत घरी' हा नियम मला तिथे पाळावा लागला नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाहून शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून स्नेहसंमेलनाचा अर्धा कार्यक्रम सोडून निघणाऱ्या मैत्रिणींना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पाहुण्यांना एक सूचना. शहर पाहण्यासाठी महागड्या पर्यटक-बसची गरज नाही. १०० क्रमांकाची दुमजली बस प्राणिसंग्रहालयापासून निघून विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, राइशटाग म्हणजे संसद भवन आणि उंटर डेन लिंडेन हा राजमार्ग असे सर्व दाखवीत आलेक्झांडरप्लात्सला पोहोचते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळवावी. ही बस १९९० मध्ये, शहर एक झाले त्या वर्षी, पूर्व आणि पश्चिम बर्लिन जोडण्यासाठी सुरू झाली.

नकाशावरची भिंत

पूर्व आणि पश्चिम हा विषय निघालाच आहे, तर तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. कारण बर्लिनचा वाहतूक-नकाशा त्याशिवाय वाचता येत नाही. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने शहराच्या मधोमध सीमा बंद केली आणि पुढे तिथे भिंत उभी राहिली. जमिनीवर भिंत बांधता येते. जमिनीखाली आधीच खोदलेल्या बोगद्यांचे काय करायचे? उ-६ आणि उ-८ हे मार्ग पश्चिमेत सुरू होऊन पूर्वेच्या खालून जात आणि पुन्हा पश्चिमेत निघत. एस-बानचा उत्तर-दक्षिण बोगदाही तसाच. तोडगा असा निघाला की पश्चिमेच्या गाड्यांनी पूर्वेखालून जावे, त्याबद्दल पूर्वेला पैसे द्यावेत, मात्र मधल्या स्थानकांवर थांबू नये. फक्त फ्रीडरिशश्ट्रासे हे स्थानक गाडी बदलण्यासाठी आणि सीमा ओलांडण्यासाठी उघडे राहिले. बाकीच्या स्थानकांची दारे बुजवली गेली. मंद दिव्यांत पहारेकरी उभे असत आणि गाड्या वेग कमी करून निघून जात. पश्चिमेच्या लोकांनी त्यांना 'भुतांची स्थानके' असे नाव दिले.

माझ्या रोजच्या उ-८ वर अशी सहा स्थानके लागत : हाइनरिश-हाइने-श्ट्रासे, यानोविट्सब्र्युके, आलेक्झांडरप्लात्स, वाइनमाइस्टरश्ट्रासे, रोझेनथालर प्लात्स आणि बेर्नाउअर श्ट्रासे. म्हणजे मी रोज ज्या स्थानकावर उतरून वर्गात जात असे, तिथे अठ्ठावीस वर्षे एकही प्रवासी उतरला नव्हता. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत खुली झाली आणि दोनच दिवसांनी यानोविट्सब्र्युके स्थानक पुन्हा उघडले. रोझेनथालर प्लात्स त्याच डिसेंबरात. एस-बानच्या नोर्डबानहोफ स्थानकात आज या बंद स्थानकांविषयीचे एक प्रदर्शन मांडलेले आहे. ते जरूर पाहावे.

माझ्या घरमालकीणबाई पूर्व बर्लिनमध्ये वाढलेल्या. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघरात बसलो असताना मी त्यांना या स्थानकांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत पदपथावर लोखंडी जाळी होती. शाळेतून येताना आम्ही तिच्यावर उभ्या राहायचो. खालून गाडी गेली की पायांना कळायचे. ती कुठून आली आणि कुठे चालली ते आम्हांला ठाऊक होते. बसता मात्र येत नव्हते." एवढे बोलून त्यांनी चहा ओतला आणि विषय बदलला.

भिंत गेली तरी तिची खूण नकाशावर राहिली आहे. पश्चिम बर्लिनने १९६७ पर्यंत आपल्या सर्व ट्राम काढून टाकल्या आणि बस व उ-बान वाढवल्या. पूर्वेने ट्राम ठेवल्या. १९९५ पासून ट्राम पुन्हा पश्चिमेत थोडी थोडी शिरते आहे, तरी आजही ट्रामच्या रुळांचे जाळे मुख्यतः पूर्वेतच दिसते. एस-बानची कथा याहून विचित्र. फाळणीच्या काळात पश्चिम भागातली एस-बानही पूर्व जर्मनीच्या रेल्वेच्याच ताब्यात होती. त्यामुळे भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेच्या लोकांनी, आपले तिकिटाचे पैसे पलीकडे जाऊ नयेत म्हणून, तिच्यावर बहिष्कार घातला. १९८० मध्ये रिंगबानचा पश्चिमेकडचा भाग बंद पडला. १९८४ मध्ये पश्चिमेतली एस-बान पश्चिम बर्लिनच्या ताब्यात आली, आणि वर्तुळ पुन्हा पूर्ण जुळले ते थेट २००२ साली.

मराठी वाचकाला या नकाशावरचे आणखी एक ठिकाण जवळचे वाटेल. शहराच्या नैर्ऋत्येस दालेम नावाचा शांत, झाडीचा भाग आहे. 'युगान्त'कार इरावतीबाई कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये राहून मानवशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली, ती दालेममधल्या संशोधन-संस्थेत काम करून. तिथल्या उ-बानचे थीलप्लात्स हे स्थानक १९१३ साली सुरू झालेले आहे, तेव्हा ते त्यांच्या काळातही होतेच. मी एका दुपारी मुद्दाम तिथे उतरून थोडा वेळ हिंडले. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली एक मराठी तरुणी याच रस्त्यांनी संशोधनासाठी जात होती, या विचाराने माझे चार आठवड्यांचे धाडस मला फारच किरकोळ वाटले.

फाटक नाही, पण तपासनीस आहे

आता मुख्य मुद्दा. बर्लिनच्या स्थानकांना फाटक नाही. लंडन-पॅरिसप्रमाणे किंवा आपल्या मुंबई-पुण्याच्या मेट्रोप्रमाणे तिकीट लावल्याशिवाय न उघडणारी दारे तिथे नाहीत. कोणीही सरळ फलाटावर जाऊन गाडीत बसावे. फक्त यंत्रातून घेतलेले कागदी तिकीट प्रवासापूर्वी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. पूर्वी मुंबईच्या लोकलला कुपने असत आणि ती स्थानकावरच्या यंत्रात घालून छापून घ्यावी लागत; तसेच हे. शिक्का नसलेले तिकीट म्हणजे तिकीट नसल्यासारखेच. फोनवरच्या तिकिटाला मात्र शिक्का लागत नाही.

तपासनीस साध्या वेशात येतात. दारे बंद झाली की कोणीतरी ओळखपत्र काढून 'फारशाइने, बिट्टे' म्हणते. तिकीट नसेल तर ६० युरो. साध्या तिकिटाच्या जवळजवळ सोळापट. नावाचा पास घरी राहिला असेल आणि मागाहून नेऊन दाखवला, तर थोडक्यावर भागते. परका आहे, भाषा येत नाही, ही सबब चालत नाही.

इथे एक गणित सुचते. चार आठवड्यांत माझ्या साधारण ऐंशी फेऱ्या झाल्या आणि पास तपासला गेला तो तीनदा. म्हणजे सव्वीस-सत्तावीस फेऱ्यांत एकदा. दंड सोळापट आणि तपासणी सव्वीसांत एकदा. माझ्या अनुभवापुरता हिशेब केला तर फुकट्या प्रवासी फायद्यातच राहील! मग बहुतेक लोक पैसे का भरतात? केवळ दंडाच्या भीतीने नव्हे, हे या गणितावरूनच दिसते. मला वाटते, याचे एक कारण मासिक पास हे आहे. ज्याच्या खिशात पास आहे त्याला दर वेळी 'काढू की नको' हा मोह पडतच नाही. पास जितका स्वस्त आणि सोपा, तितकी प्रामाणिकपणाची परीक्षा कमी. प्रामाणिकपणा हा राष्ट्रीय स्वभाव असतो असे आपण सहज म्हणून जातो. पण त्यात व्यवस्थेचाही वाटा असतो.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा केवळ नियमभंग नसून गुन्हा आहे. दंडसंहितेच्या २६५-अ या कलमात तो बसतो. हे कलम १९३५ सालचे आहे. शिक्षा दंडाची किंवा एक वर्षापर्यंत कैदेची. वारंवार सापडणाऱ्यावर खटला होतो, न्यायालय दंड ठोठावते, आणि तो भरता आला नाही तर त्याबदली तुरुंगात जावे लागते. ज्याच्याकडे पावणेचार युरो नव्हते, त्याच्याकडे शेकडो युरोंचा दंड कोठून येणार? त्यामुळे बर्लिनच्या प्ल्योट्सेनझे तुरुंगात असे लोक दिवस काढतात. त्यांत बेघर, व्यसनी आणि मनाने खचलेली माणसे असतात. २०२१ च्या डिसेंबरात एका पत्रकाराने 'फ्रायहाइट्सफोंड्स' म्हणजे 'स्वातंत्र्य-निधी' सुरू केला. लोकांकडून देणग्या घेऊन हा निधी अशा कैद्यांचे दंड भरतो आणि त्यांना सोडवतो. फेब्रुवारी २०२४ पासून दंडाबदलीच्या कैदेचे दिवस कायद्याने निम्मे केले आहेत. कलमच रद्द करावे की नाही यावर तिथे बराच काळ वाद चालू आहे.

एका दुपारी मोरिट्सप्लात्सला दोन तपासनीस चढले. समोर बसलेला, मळक्या सदऱ्यातला एक तरुण त्यांनी विचारण्याआधीच उठून उभा राहिला आणि पुढच्या स्थानकावर त्यांच्याबरोबर मुकाट उतरला. वाद नाही, आवाज नाही. डब्यातल्या कोणी मान वर केली नाही. मी घरी येऊन घरमालकीणबाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "नियम आहे, तो असायलाच हवा. मी तर दर महिन्याला पास काढते. पण तिकीट नाही म्हणून माणसाला कोंडायचे, हे मला पटत नाही. कोंडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत." मला त्यांच्या गल्लीतली ती लोखंडी जाळी आठवली. पायाखालून गाडी जाते, कोठे जाते ते ठाऊक असते, पण बसता येत नाही. भिंतीमुळे असो की पैशाअभावी, खाली उभ्या असलेल्याला फरक थोडाच पडतो.

फाटक नसणे म्हणजे प्रत्येक प्रवाशाला शहाणा, जबाबदार नागरिक मानणे, हे खरे आहे आणि ते मला मनापासून आवडले. तपासणीच्या खर्चाची आणि गर्दीतल्या खोळंब्याचीही त्याने बचत होते. पण असा विश्वास टिकायचा तर तिकीट सर्वांना परवडले पाहिजे. बर्लिनने हे काही प्रमाणात ओळखले आहे. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना तिथे सवलतीचा मासिक पास आहे, आणि ऑगस्ट २०१९ पासून शाळकरी मुलांना एबी विभागात प्रवास मोफत आहे. हे वाचून आपण न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. आपल्या एस.टी.त मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी मोफत पास आहे. मी स्वतः त्याच पासावर रोज अठरा किलोमीटर जाऊन-येऊन शिकले. तो पास नसता तर मी जर्मन शिकले नसते, आणि बर्लिनचा तर प्रश्नच नव्हता. शिक्षणाच्या दारात पहिले फाटक असते ते बसच्या भाड्याचे, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली शपथेवर सांगतील.

असो. विषयांतर झाले असेल तर वाचकांनी क्षमा करावी. पुढे कोणी बर्लिनला जाणार असेल त्याच्यासाठी सारांश असा : विमानतळावरून निघताना 'एबीसी' तिकीट घ्यावे. आठ दिवसांहून अधिक राहायचे असेल तर मासिक पासाचा हिशेब करावा, आणि १० तारीख लक्षात ठेवावी. कागदी तिकिटावर शिक्का मारल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवू नये. शेवटच्या स्थानकाचे नाव पाहून फलाट निवडावा. दाराचे बटण दाबावे. १०० क्रमांकाच्या बसने एकदा आणि रिंगबानने एकदा पूर्ण फिरावे. आणि उ-८ ने रोझेनथालर प्लात्सला उतरलात तर जिना चढण्यापूर्वी क्षणभर त्या फलाटाकडे वळून पाहावे. आज तिथे दर काही मिनिटांनी गाडी थांबते आणि दारे उघडतात.